बर्फ, कापूस आणि अठरा टक्के

नागपूरच्या माणसाने बर्फाविषयी लिहू नये, असा एक अलिखित नियम असावा. २३ मे २०१३ रोजी आमच्या गावात ४७.९ अंश तापमान होते. आमच्याकडे बर्फ येतो तो गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरियरवर बसून. तो किसतात, त्यावर कालाखट्टा ओततात आणि पोरे ओठ जांभळे होईस्तोवर चोखतात. बर्फाशी आमचा संबंध इतकाच. थंडी आम्हाला ठाऊक नाही असे नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि आमच्या जरीपटक्यात भल्या भल्या माणसांनी कानटोप्या काढल्या होत्या. पण बर्फ काही पडला नाही. १९५६ साली राजधानीचा मान हुकला, तसे हेही साडेतीन अंशांनी हुकले.

तरीही मी बर्फाविषयी लिहिणार आहे. इतकेच नव्हे तर भांडणार आहे. माझे भांडण बर्फाशी नाही, कॅमेऱ्याशीही नाही. ते आहे 'सामानवादी' पंथाशी. आपल्या मध्यमवर्गात हा पंथ फार वाढला आहे. पोहायला जायचे तर आधी चष्मा, टोपी, बॅग. संगीत शिकायचे तर आधी महागडी पेटी. आणि बर्फात फोटो काढायचे तर आधी दुकान. या पंथाचा मी स्वतः दीक्षा घेतलेला अनुयायी होतो, म्हणून अधिकाराने बोलतो.

झाले असे. चार वर्षांच्या गटातली एलएफसी पदरात पडली आणि आम्ही मनालीला जायचे ठरवले. ठरवले म्हणजे आईने ठरवले. हिंगणघाटकडच्या एका खेड्यात तिचे बालपण कापसात गेले. त्या घरात भिंतीवर हिमालयाचे एक कॅलेंडर होते. वर्ष संपले तरी ते कुणी काढले नाही. तेव्हापासून तिच्या मनात होते की हे एकदा हाताने चाचपून पाहावे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती म्हणाली, "आता नाही नेलं तर मग फोटोतच पाहीन." हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले, आणि मी फोटोच्या तयारीला लागलो.

घरात एक बऱ्यापैकी डिजिटल कॅमेरा होता. पण आमच्या शाखेत ज्याला त्याला सल्ला देण्याचा अधिकार आहे. हेड कॅशियर म्हणाले, "बर्फात साधा कॅमेरा टिकत नाही." शिपाई म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या कॅमेऱ्याचे सिमल्याला 'पानी पानी' झाले. एका ग्राहकाने तर मुदतठेवीची पावती हातात धरून मला फिल्टरांची यादी सांगितली. मागे अकरा माणसे उभी होती, पण कला म्हटली की लोक थांबतात. मी बाजारात गेलो आणि तिपाई, पाठीवरची बॅग, कॅमेऱ्याचा रेनकोट, दोन फिल्टर, काच पुसण्याची तीन प्रकारची फडकी असे सामान घेऊन आलो. एकूण बिल एकोणतीस हजार चारशे. आईचा स्वेटर आला साडेसातशेचा. हा हिशेब मी तेव्हा शेजारी शेजारी मांडला नाही; बी.कॉम. माणसाने मांडायला हवा होता.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही निघालो. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे रात्रभर बस, आणि मग मनालीहून सोलंग खोरे. रस्त्यावर भाड्याच्या कोटांची आणि गमबुटांची दुकाने असतात, प्रत्येकावर मोठाले नंबर. आम्ही चौघे तिथून चार अस्वले होऊन बाहेर पडलो. अडीच हजार मीटर उंचीवर, पांढऱ्याशुभ्र बर्फात, आई खाली वाकली, मूठभर बर्फ उचलला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर कापसापेक्षा जड आहे!" तिचा चेहरा त्या क्षणी असा झाला होता की मी धडपडत कॅमेरा काढला.

आणि सामानाने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. तिपाईचे धातूचे पाय इतके गार की बोट लावताच मागे घ्यावे लागे. भाड्याच्या हातमोज्यात माझी पाचही बोटे एकत्र नांदत होती. त्यांतल्या कोणत्या बोटाने बटण दाबावे हे त्यांचे ठरेना. फोकस लागेना, भिंग पुढेमागे, पुढेमागे करीत राहिले, संध्याकाळच्या हिशेबात दहा रुपये कमी आल्यावर आम्ही करतो तसे. तेवढ्यात बॅटरी संपली. सकाळी पूर्ण भरलेली! दुसरी बॅगेच्या तळाशी, तीही गार पडलेली. काचेवर बर्फाचे चार कण पडले म्हणून मी मोठ्या प्रेमाने फुंकर मारली, तर वाफ काचेवर गोठून बसली. संध्याकाळी हॉटेलात हीटरच्या खोलीत शिरलो, तर कॅमेरा आतूनबाहेरून घामेजला.

एवढे होऊनही पस्तीस फोटो निघाले होते. जरीपटक्यात परतल्यावर ते टीव्हीवर लावून मी घरच्यांना आणि शेजारच्यांना बोलावले. शेजारी सिंधी आहेत; कापडाचे दुकान. फाळणीनंतर सिंधी मंडळींनी उभी केलेली ही आमची वस्ती. इथे मालाची पारख उपजतच असते. साईंनी तीन फोटो पाहिले, चहाचा कप खाली ठेवला आणि अत्यंत अदबीने विचारले, "साईं, सब अच्छा है, मगर बरफ कहाँ है?"

बर्फ पडद्यावर होता. पण तो पांढरा नव्हता. तो करडा होता, मळकट, निळसर. आमची सौ. म्हणाली, "अहो, हे कोराडीच्या राखेसारखं दिसतंय." आमच्या उत्तर नागपुरातल्या माणसाला राख ओळखायला शिकवावे लागत नाही. आणि त्या राखेच्या पुढे आई. तिचा चेहरा? काळा. भोवती पांढरे पसरले असताना चेहरा अंधारात गेलेला. संगणकावर तो उजळवून पाहिला, तर गालांवर रवा सांडल्यासारखे ठिपके आले. आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "असू दे. मी पाहिला ना." त्यानंतर गुडघे आणि दम यांचा विचार करून डॉक्टरांनी सांगितले की एवढ्या उंचीवर आता पुन्हा नको. म्हणजे तो क्षण एकदाच आला होता, आणि मी त्याची राख करून आणली होती.

यावर शाखेत काय प्रतिक्रिया उमटली असेल? हेड कॅशियर म्हणाले, "मी सांगितलंच होतं. मोठा कॅमेरा घ्या." इथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भांडायला उठलो तो त्या दिवशी.

वाचकहो, बर्फ राखेसारखा का दिसतो याचे कारण कळल्यावर मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे जे मीटर असते, ते आमच्या जातीचे आहे. कारकून आहे. त्याला वरून एकच परिपत्रक आले आहे की जगात सरासरी जे काही असते ते मधल्या करड्या रंगाचे असते. छायाचित्रणाच्या पुस्तकांत या करड्याला 'अठरा टक्के' म्हणतात. म्हणजे पडलेल्या प्रकाशातला अठरा टक्के परत फिरवणारा. बँकेच्या प्रत्येक सेवाशुल्कावर अठरा टक्के जीएसटी लावणाऱ्या मला हा आकडा पाहून गहिवरून आले. झाडे, रस्ते, माणसे, घरे असा संसारी देखावा समोर असला की हा हिशेब बरोबर जुळतो. पण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतो. मीटर दचकते. म्हणते, एवढी जमा? काहीतरी घोटाळा आहे! आणि प्रकाश कमी करकरून सगळे अठरावर आणून बसवते. बर्फ करडा होतो, आणि बर्फापुढे उभा असलेला गव्हाळ चेहरा काळाठिक्कर. काळी म्हैस समोर उभी करा, तिलाही ते करडी करील. पांढऱ्याला पांढरे आणि काळ्याला काळे म्हणण्याची त्याला परवानगीच नाही.

आता सांगा, यात मोठा कॅमेरा काय करणार? त्यातही मीटरच आहे. नवीन मीटर हुशार आहेत, देखावा ओळखायचा प्रयत्न करतात, हे मला मान्य. पण स्वच्छ बर्फ भरून राहिला की तेही बऱ्याचदा बिचकतात. मोठ्या पगाराचा कारकून झाला म्हणून परिपत्रक बदलत नाही. परिपत्रकावर सही करून "या प्रकरणी अपवाद करावा" असे लिहायला वरचा माणूस लागतो. तो वरचा माणूस म्हणजे आपण. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचे एक लहानसे बटण असते. बर्फ असेल तर ते एक ते दोन घरे अधिककडे न्यायचे. एक घर म्हणजे प्रकाश दुप्पट. मोबाइलवरही हे होते: पडद्यावर बर्फाला बोट लावा आणि शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह वर सरकवा. बस! या बटणासाठी मी एकोणतीस हजार चारशे रुपये खर्च केले नव्हते. ते आधीपासून माझ्या कॅमेऱ्यावर होते, आणि मी त्याला इतकी वर्षे झूम समजत होतो.

सामानवादी यावर म्हणतील, "ठीक आहे, पण हे शिकायला बर्फातच जायला हवं ना? नागपुरात कुठून आणणार बर्फ?" या दुसऱ्या अंधश्रद्धेचा समाचार माझ्या मामाने घेतला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी आईला घेऊन मामाकडे गेलो होतो. वेचणी चालू होती. पऱ्हाटीवर बोंडे फुटून शेत पांढरे झालेले, आणि घराच्या ओसरीत कापसाची छताला टेकेल एवढी गंजी. मी सवयीने चार फोटो काढले आणि मामाला कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवले. मामाने चष्मा वर केला, खाली केला, आणि त्याचा चेहरा पडला.

"काहून रे, माह्या पांढऱ्याफेक कापसाची कवडी करून टाकली का तू? हा फोटो बाजारात कोनाले दाखवू नोको. व्यापारी भाव पाडीन!"

कवडी म्हणजे डागाळलेला, मळका, हलका कापूस. त्याला भाव कमी. मी हसलो, पण मामा हसला नाही. त्याला ठाऊक होते की पांढऱ्याला करडे म्हणणारे कारकून जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या एका शब्दावर शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब बदलतो. माझ्या मीटरने मजा म्हणून जे केले, ते त्याच्या आयुष्यात गंमत नव्हते. मी मुकाट्याने अधिक-उण्याचे बटण शोधले, दीड घर पुढे सरकवले आणि पुन्हा फोटो काढला. मामाने पाहिला. "हां," तो म्हणाला, "आता कसा पहिल्या वेचाचा दिसते!"

मंडळी, हीच माझी सोलंगची शाळा. विदर्भात हिवाळाभर पांढरे सोने ओसंडत असते. १८७७ च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती याच कापसाच्या भरवशावर. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली निघाली तीही आमच्याच गावात. आणि आम्ही मात्र पांढरे पाहायला हिमाचलला जातो! बर्फाच्या फोटोत जी जी अडचण येते ती कापसाच्या गंजीपाशी हजर असते. पांढऱ्यापुढे सावळा चेहरा: हजर. नुसत्या पांढऱ्यावर फोकस न लागणे: हजर. मग शिकायचे की फोकस कापसाच्या पोटावर न धरता त्याच्या कडेला, टोपलीच्या काठावर धरायचा. बर्फात झाडाच्या बुंध्यावर किंवा खडकाच्या कडेवर. भर दुपारी उन्हात गंजी सपाट दिसते, पण सकाळच्या तिरप्या उन्हात तिची बोंडन्‌बोंड उठून दिसतात, बर्फावरही तेच. सावल्या निळ्या दिसतात, कारण सावलीत सूर्य नसतो, फक्त निळ्या आभाळाचा उजेड असतो. तो निळा थोडा राहू द्यावा, सगळा पुसू नये, नाही तर थंडीच जाते. एकच गोष्ट कापसात शिकता येत नाही, ती म्हणजे पडता बर्फ. त्याच्यासाठी लक्षात ठेवा, सेकंदाच्या २५० व्या भागात टिपला तर ठिपके दिसतात, ३० व्या भागात टिपला तर रेघा.

उरली थंडीची तयारी. इथे सामानवाद्यांना वाटते की आता तरी आम्ही जिंकलो. त्यांनी पुढील यादी वाचावी.

बॅटरी थंडीत संपत नाही, ती गोठलेल्या खात्यासारखी होते. पैसे आत असतात, पण काढता येत नाहीत. आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून कॅमेरा म्हणतो शिल्लक शून्य. जास्तीची बॅटरी बॅगेत नव्हे, सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेशी ठेवावी. गार पडलेली काढून तिच्या जागी खिशात घालावी. ऊब मिळाली की खाते पुन्हा चालू होते. खर्च: एक खिसा.

काचेवर वाफ का धरते, हे जुलै महिन्यात आमच्या बँकेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याला ठाऊक आहे. आतल्या एसीने काच गार झालेली, बाहेरची हवा दमट; दारात पाऊल टाकताच माणूस आंधळा होतो. मनालीत हेच उलट दिशेने होते. खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच, फोटोचे कार्ड काढून घ्यावे, आणि कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन तास तसाच राहू द्यावा. घाम येतो तो पिशवीला. पिशवी आपल्या स्वयंपाकघरात सापडते. मात्र आधी आतली मेथी काढावी.

काचेवर बर्फ पडला तर फुंकर मारू नये, मऊ कुंचल्याने झटकावे. हातात आधी पातळ लोकरी मोजे, वर जाड. बटण दाबताना फक्त वरचा काढावा. तिपाई नेणारच असाल तर तिच्या पायांना जुन्या स्वेटरच्या बाह्या गुंडाळाव्यात. आणि जाण्यापूर्वी आठ दिवस घरी, हातमोजे घालून, दिवा बंद करून, बॅटरी बदलायची आणि अधिक-उण्याचे बटण चाचपायची तालीम करावी. आमच्या घरी ही तालीम मी चालू ठेवली आहे. दूधवाल्याने एकदा मला या अवस्थेत पाहिले. तेव्हापासून तो पैसे सौ.कडेच मागतो.

शेवटची तयारी पायांची. सोलंगला अकरा वाजेपर्यंत घोडे, मॅगीवाले आणि आपण सगळे मिळून बर्फाचा चिखल करतो. पहाटे जावे, आणि ज्या बाजूचा फोटो घ्यायचा त्या बाजूने चालू नये. कोऱ्या पासबुकावर पहिली नोंद विचार करूनच करावी.

विरुद्ध पक्षाला न्याय द्यायचा तर एवढे कबूल करतो: ज्यांना गुलमर्गच्या हिमवादळात महिनाभर राहून पोट भरायचे आहे, त्यांना पाणी आत न शिरणारा कॅमेरा लागतो. त्यांनी जरूर घ्यावा. पण चार वर्षांतून चार दिवस जाणाऱ्या आपल्यासारख्यांना सामान कमी पडत नाही. कमी पडते ती यंत्राने करडे म्हटले असताना "नाही, हे पांढरे आहे" असे म्हणण्याची हिंमत. ती दुकानात मिळत नाही, आणि हप्त्यावर तर मुळीच नाही.

पुढची एलएफसी आली की मी पुन्हा सोलंगला जाणार आहे. कॅमेरा तोच. आईला नेता येणार नाही, पण तिच्यापुढे एकदा पांढरा बर्फ ठेवायचा आहे. ते माझ्याकडे देणे आहे. तोपर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीत तिचा दुसरा एक फोटो लावला आहे. त्याच दिवशी मामाच्या ओसरीत काढलेला. मागे शुभ्र डोंगर, पुढे ती पाय पसरून बसलेली, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उजळलेली, आणि मुठीत काहीतरी पांढरे.

येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "वा! मनाली का?"

आई सांगते, "नाही हो, हिंगणघाट. मनाली मळकी निघाली, म्हणून कपाटात ठेवली आहे."